ठासणीची बंदूक घ्यायचीय? आधी साल ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांपूर्वी एच-१बी व्हिसावर पुण्याहून डेन्व्हरला आलेले एक गृहस्थ. अस्वलाने फाडूनही जगलेल्या ह्यू ग्लासवरचा चित्रपट पाहिला, मग वायोमिंगमधला 'माउंटन मेन'चा, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी डोंगरात बीव्हर पकडणाऱ्या सापळेकऱ्यांचा वेश घेणाऱ्या हौशी लोकांचा, मेळा पाहिला आणि आता त्यांना हॉकन रायफल घ्यायची आहे. कोणती घेऊ, परवाना लागतो का, घरात सात वर्षांचा मुलगा आहे तर धोका किती, आणि शेवटी बायकोने विचारलेलं, 'हे सगळं आपल्याला शोभतं का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या घरी तो अठरा वर्षं प्रलंबित आहे. बाकीच्यांची देतो.

माझी पहिली बंदूक चुकली होती. मीही तुमच्यासारखाच हॉकनच्या नावाला भुललो. पितळी मढवणीची, टोपीवर (घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर) उडणारी, कारखान्यात बनलेली 'हॉकन' घेतली, झालरीचा कातडी अंगरखा घेतला आणि मेळ्याला गेलो. तंबूशेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोणत्या सालचा तू?" मी ऐटीत सांगितलं, "१८२५, पहिला रॉन्देवू." (सापळेकऱ्यांच्या मूळ मेळ्याला रॉन्देवू म्हणत.) तो हसला, कॉफी ओतून दिली आणि म्हणाला की १८२५ साली डोंगरात कुणाकडे टोपीची बंदूक असणं अवघडच, आणि सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युअल हॉकन या भावांच्या पहाडी रायफलींवर पितळ नसायचं, लोखंडी मढवणी असायची. अंगरख्याबद्दल तो काही बोलला नाही, यातच काय ते आलं.

त्या काळातल्या बहुतेक माणसांच्या खांद्यावर पेनसिल्व्हेनियात बनलेल्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, रायफली होत्या. अमेरिकन फर कंपनी जे. जे. हेन्रीच्या कारखान्यातून रायफली घ्यायची. टोपीची बंदूक पुढे आली, पण टोप्या संपल्या की ती लाकडाचा दांडका. गारगोटी निदान बदलता तरी येते. हॉकनचं नाव खरं गाजलं ते मेळ्यांचा काळ सरत आल्यावर आणि त्यानंतर. हॉकन वाईट असं मी म्हणत नाही. १८४० च्या दशकातला माणूस व्हायचं असेल तर घ्या की! पण आधी तो माणूस ठरवा. साल, ठिकाण, आणि तुम्ही कोण, हे तीन ठरले की बंदूक, कपडे, भांडी, तंबू सगळं आपोआप ठरतं आणि पैसेही वाचतात. उलट्या क्रमाने गेलात तर माझ्यासारखं सगळं दोनदा विकत घ्याल.

मूळ मेळ्यांचा काळ तसा छोटा आहे. १८२२ च्या फेब्रुवारीत फरचा व्यापारी विल्यम ॲशलीने सेंट लुईसच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: मिसुरी नदीच्या उगमापर्यंत जायला शंभर तरुण हवेत. १८२५ च्या उन्हाळ्यात ग्रीन नदीला मिळणाऱ्या हेन्रीज फोर्कवर पहिला मेळा भरला. शेवटचा १८४० साली, ग्रीन नदीवरच, आजच्या पाइनडेलजवळ. म्हणजे जेमतेम पंधरा-सोळा वर्षं. पण त्यातही १८२६ चा माणूस वेगळा आणि १८३७ चा वेगळा. १८३७ च्या मेळ्याला आल्फ्रेड जेकब मिलर हा चित्रकार हजर होता. त्याने जागेवर केलेली रेखाटनं नवख्यासाठी सोन्यासारखी आहेत, कारण मेळ्याला स्वतः जाऊन चित्र काढणारा दुसरा चित्रकार नाही. माझी टोपी, पट्टा आणि चाकू कुठे खोचायचा ते मी त्यांवरूनच उचललं.

तुम्ही कोण व्हाल? सगळे जण जिम ब्रिजरसारखा नावाजलेला सापळेकरी व्हायला जातात. माझं मत विचाराल तर नवख्याने नवखाच व्हावं. फर कंपनीचा पगारी नोकर, तळ सांभाळणारा, कातडी ताणणारा, खेचरं चारणारा. फ्रेंच कॅनेडियन लोक अशा नव्या भरतीला 'डुकराची चरबी खाणारे' म्हणायचे. त्याला फार काही येत नसतं, त्यामुळे तुम्हाला येत नाही हेही खपून जातं. शोशोनी किंवा क्रो या इथल्या मूळ जमातींतला माणूस व्हायला मात्र जाऊ नका. ते लोक आजही आहेत, त्यांच्या सणावारांना तेच कपडे घालतात, आणि आपण त्यांची सोंगं घेणं मला तरी बरं वाटत नाही. त्यांच्याबद्दल वाचा मात्र जरूर. कारण या मेळ्यांत बरंचसं काम बायकांचं, विशेषतः इथल्या मूळच्या बायकांचं होतं: कातडी खरवडणं, मोकॅसिन (मऊ कातडी जोडे) शिवणं, मांस वाळवणं. आणि १८३७ साली कंपनीच्या सेंट पीटर्स या आगबोटीबरोबर मिसुरीवर देवी आल्या आणि तिथल्या मँडन या मूळ लोकांची वस्ती जवळजवळ पुसली गेली. शेकोटीभोवतीच्या गप्पांत हे कुणी काढत नाही. तुम्ही काढा.

आता बंदूक या सगळ्यात कुठे बसते? १८२६ च्या जुलैत ॲशलीने आपला धंदा जेडेडाया स्मिथ, डेव्हिड जॅक्सन आणि विल्यम सब्लेट यांना दिला. त्या करारात मालाचे भाव लिहून ठेवले आहेत. नॉर्थवेस्ट बंदूक (साधी, गुळगुळीत नळीची) २४ डॉलर. बीव्हरचा (नदीत राहणाऱ्या, दाट केसांच्या कुरतडणाऱ्या प्राण्याचा) सापळा ९ डॉलर. घोंगडी ९ डॉलर. बंदुकीची दारू पौंडाला दीड डॉलर. आणि बीव्हरची कातडी पौंडाला ३ डॉलर. एका कातड्याचं वजन दीड पौंडाच्या आसपास धरा, म्हणजे एका सापळ्याला दोन बीव्हर, आणि एका बंदुकीला साधारण पाच-सहा. पण माणसाकडे बंदूक एक आणि सापळे पाच-सहा! त्याची कमाई सापळ्यावर होती. बंदूक पोटाला आणि जिवाला. बीव्हरवर गोळी कुणी झाडत नसे, कातड्याला भोक पडतं.

खरं काम थंड पाण्यातलं. कातडी दाट असते ती हिवाळ्याच्या अलीकडे-पलीकडे, म्हणून शरद आणि वसंतात गुडघाभर बर्फाळ पाण्यातून चालायचं, म्हणजे काठावर माणसाचा वास राहत नाही. सापळा पाण्याखाली काही बोटं, साखळी खोल पाण्यातल्या खुंटाला, आणि वर वाकवलेल्या काडीच्या टोकाला बीव्हरच्याच ग्रंथीतला उग्र वासाचा कॅस्टोरियम. वासाला आलेला बीव्हर अडकला की खोल पाण्याकडे ओढ घेतो आणि बुडतो. कशासाठी हे सगळं? लंडन-न्यूयॉर्कच्या साहेबांच्या टोप्यांसाठी. बीव्हरच्या आतल्या मऊ केसांना बारीक काटे असतात, ते एकमेकांत अडकून घट्ट नमदा होतो. १८३० च्या दशकात रेशमी टोपीची फॅशन आली, भाव पडले, नद्यांतले बीव्हरही संपत आले होते, आणि मेळे बंद झाले. आता कोलोरॅडोत पायपकड सापळे १९९६ च्या सार्वमतानेच बंद झालेत. तेव्हा सापळा दाखवायला घ्या, पाण्यात लावायला नाही.

एवढं सांगूनही तुम्ही बंदुकीचंच विचारणार हे मला माहीत आहे. मीही विचारलं असतं.

माझे आजोबा सावंतवाडीकडचे. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती, डुकरांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, आणि आजोबा दोन महिने अस्वस्थ. ते बार बोटांनी मोजायचे: दारू, चिंधी, छर्रे ठासल्यावर गज नळीबाहेर किती बोटं राहतो त्यावरून. पावसाळ्यात दारू सादळली की बार फुसका. हा शब्द लहानपणी मी नुसता शिवी म्हणून ऐकला होता. त्याचा अर्थ मला वायोमिंगच्या पावसात कळला.

बोटांनी मोजणं मात्र आजोबांबरोबर गेलं, तुम्ही करू नका. मापानेच दारू घ्या. ५० कॅलिबरच्या रायफलीला निशाणीपुरती ६० ग्रेन, म्हणजे चार ग्रॅमच्या आसपास, भरपूर होते. तरी तुमच्या बंदुकीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा आधी पाहा. शिंगातली दारू आधी मापात, मग मापातून नळीत. शिंगातून थेट नळीत कधीही नाही. आधीच्या बाराची ठिणगी आत जिवंत असली तर मापातली दारू भडकून भुवया जातील. शिंग भडकलं तर हात जाईल. दोन बारांच्या मध्ये ओल्या चिंधीचा पोचारा मारायचा, त्याने ठिणगीही विझते आणि काजळीही निघते.

मग ओलसर चिंधीत शिशाची गोल गोळी. ५० कॅलिबरला ०.४९० इंचाची गोळी आणि ०.०१५ इंच जाडीचं घट्ट विणीचं सुती कापड हा ठरलेला जोड आहे, त्यापासून सुरुवात करा. चिंधी नळीतल्या आट्यांना धरते आणि गोळीला फिरकी देते. गज वीतभर वर धरून थोडाथोडा ढकलायचा. टोकाला धरून जोर लावलात तर लाकडी गज मोडतो आणि तुटकं टोक तळहातातून आरपार जातं. आमच्या तळावर एकाचं झालंय. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये हवा राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून पूर्ण भरलेल्या बंदुकीत गज किती बाहेर राहतो तिथे खूण करा (आजोबांची बोटं इथे परत आली), आणि रिकाम्या नळीचीही एक वेगळी खूण. दुसरी खूण कशाला? कुणी दिलेली बंदूक भरलेली आहे की नाही, हे तोंडात न डोकावता कळावं म्हणून.

एक दिवस तुम्ही दारू न घालताच गोळी ठासणार आहात. सगळे ठासतात. मी पहिल्याच स्पर्धेत, सगळ्यांसमोर. लाजू नका, रेंजवरच्या माणसाला हाक मारा. त्याच्याकडे हवेच्या दाबाने गोळी बाहेर काढायचं साधन असतं.

चकमक की टोपी, हा वाद इथे फार चालतो. मी चकमकीच्या बाजूचा आहे, पण कारण रोमँटिक नाही. चकमकीत घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या कानातल्या (नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीतल्या) रंजकीवर, म्हणजे पेटवणीच्या चिमूटभर दारूवर, पडतात, ती पेटते, भोकातून आग आत जाते, आणि मग बार. या सगळ्याला डोळ्याला कळेल इतका वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात तुम्ही नेम हलवलात की गोळी गेली. सहा महिने चकमकीवर हात बसला की टोपीची बंदूक पोरखेळ वाटते. उलट्या क्रमाने शिकणाऱ्याला घोडा पडताच डोळे मिटायची सवय लागते. पहिले काही महिने मात्र चिडचिड होईल. रंजक पेटली आणि बार झाला नाही, तर नळी निशाणीकडेच धरून पूर्ण मिनिट थांबायचं. आतली ठिणगी उशिराही पोचते.

दारू अस्सल काळीच घ्या: सोरा, गंधक, कोळसा. बाजारातल्या तिच्या पर्यायी पूडी टोपीच्या बंदुकीत चालतात, पण चकमकीच्या ठिणगीने नीट पेटत नाहीत. आधुनिक काडतुसांतली धूररहित दारू तर कधीच नाही, चिमूटभरही नाही. या नळ्या त्या दाबाच्या नाहीत. एक गंमत सांगतो. डेलावेअरमधल्या ब्रँडीवाइन नदीवर ड्यूपाँने १८०२ साली दारूची गिरणी काढली. त्यांचा सोरा गलबतांतून हिंदुस्थानातून यायचा. बिहारच्या गावांत नोनिया लोकांनी मातीतून धुवून काढलेला सोरा रॉकीजमध्ये अस्वलावर उडत असे. शोभतं का, या प्रश्नावर मी घरी हा मुद्दा मांडून पाहिला. चालला नाही.

कायद्याचं बोलू. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका, आणि काडतूस न चालणाऱ्या, काळ्या दारूच्या ठासणीच्या प्रतिकृती या 'अँटिक' धरल्या जातात. त्या 'फायरआर्म'च्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून त्या टपालाने घरी येतात. पण नळी बदलून काडतूस चालवता येईल अशा आधुनिक ठासणीच्या बंदुकांना ही सूट नाही. राज्यांचे कायदे निराळे आहेत. न्यू जर्सीत हीच बंदूक वेगळ्या नियमात जाते, तेव्हा घर बदललंत तर आधी तपासा. तुम्ही एच-१बी वर आहात. आधुनिक बंदुकांवर तुमच्या व्हिसाला कडक बंधनं आहेत, त्यामुळे मित्राची आधुनिक रायफल 'जरा धरून बघतो' म्हणू नका. आणि ठासणीचीही घेण्याआधी तासभराची फी देऊन वकिलाला विचारा. बंदुकीपेक्षा ते स्वस्त पडेल आणि व्हिसापेक्षा तर फारच. विमानात बंदुकीची दारू किंवा तिच्या स्फोटक टोप्या कुठल्याच सामानात चालत नाहीत. आणि हौसेने ही बंदूक पुण्याला नेऊ नका. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली चालू स्थितीतल्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. कस्टमवर 'अँटिक आहे हो' हे चालणार नाही.

मुलाचं. कायदा तिला फायरआर्म म्हणो न म्हणो, गोळी माणूस मारते. बंदूक कुलपात, दारू वेगळ्या कुलपात, आणि घरात पौंडभरापेक्षा जास्त साठा नकोच. भिंतीवर टांगायचा मोह होतो, मला माहीत आहे. टांगायचीच असेल तर गारगोटी काढून, कुलूप लावून. सात वर्षांच्या मुलाला बार उडवायला देऊ नका. पण चकमकीने विस्तव करायला जरूर शिकवा, पोरं त्यात रमतात. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना माझ्याआधी विस्तव काढायची आणि सगळ्यांना सांगत फिरायची.

आणि सफाई. त्याच संध्याकाळी! काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते. रात्रभर ठेवलीत तर सकाळी नळीत तांबूस गंज. कोमट पाणी, थोडा साबण, चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत. मग कोरडं करून तेल. दमून आलेला माणूस हे उद्यावर ढकलतो. मी ढकललं, ती नळी आता घरात पडद्याची दांडी आहे.

खरेदीआधी तीन जागा पाहा. तुमच्यापासून तासाभरावर प्लॅटव्हिलला फोर्ट व्हास्केझ आहे, १८३५ चा, आता ८५ नंबरच्या हायवेच्या दोन रस्त्यांच्या मधोमध. ला हुंटाजवळ बेंट्स ओल्ड फोर्ट. मूळ १८३३ चा, मातीच्या विटांचा, १९७६ साली पुन्हा उभारलेला. तेव्हा समोरची आर्कान्सा नदी म्हणजे मेक्सिकोची सरहद्द होती. आणि पाइनडेलचं माउंटन मॅन संग्रहालय. जुलैत जा, तेव्हा तिथे मेळ्याचे दिवस असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या जोडसुट्टीत फोर्ट ब्रिजरला मोठा तळ पडतो. पहिल्यांदा नुसते बघे म्हणून जा, आणि ज्याची बंदूक आवडेल त्याला विचारा. ही माणसं बंदूक हातात देतात, भरून देतात आणि बार कसा काढायचा तेही शिकवतात. चार-पाच जणांच्या बंदुका उडवून झाल्या की कोणती हवी ते तुमच्या खांद्याला कळेल. तेव्हाही साल पक्कं नसेल, तर साधी गुळगुळीत नळीची नॉर्थवेस्ट बंदूक घ्या, जिच्या बाजूला पितळी सर्प असतो. ती पूर्ण काळभर चालली, मूळ लोकांकडेही होती आणि कंपनीच्या नोकरांकडेही, गोळीही उडवते आणि छर्रेही. लांबचा नेम बसणार नाही, पण साल बदललंत तरी बंदूक बदलावी लागणार नाही.

पहिल्या महिन्याचा अभ्यास मात्र बंदुकीशिवायचा. एक जुना पंचा घ्या, शंभर टक्के सुती, धुवून खळ काढलेला. त्याचे चौकोन कापून झाकणाला बारीक भोक पाडलेल्या डब्यात घाला, घराबाहेर निखाऱ्यावर ठेवा, धूर येणं थांबलं की डबा उतरवून पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच उघडा. आत काळा, नाजूक जळका कपडा मिळेल. त्यावर चकमकीची एक ठिणगी पडू दे. पॉलिएस्टरचा पंचा घेतलात तर डब्यात डांबर होईल, आणि तो डबा स्वयंपाकघरातला नसावा, हे मी अनुभवाने सांगतो.